शर्मनचा घडीचा सापळा: बिळातल्या उंदरांच्या अभ्यासासाठी घ्यावा का?

एका प्रजातीच्या दोन कशा होतात हे बिळात राहणाऱ्या उंदरांमध्ये तपासायचं, तर आधी उंदीर हातात यावा लागतो. तोही जिवंत, न दुखावलेला, आणि नेमका कोणत्या बांधावर, कोणत्या मातीत सापडला ते माहीत असलेला. या तिन्ही गोष्टी सापळ्यावर अवलंबून असतात. जगभर या कामासाठी फार वापरला जाणारा सापळा म्हणजे फ्लोरिडातल्या टॅलाहासी इथला शर्मन. हे परीक्षण त्याच्या घडीच्या ॲल्युमिनियमच्या मोठ्या मॉडेलचं, म्हणजे एलएफएचं आहे. माप 3 × 3.5 × 9 इंच, म्हणजे साधारण 7.6 × 8.9 × 22.9 सेंटिमीटर.

निकाल आधीच सांगून टाकतो. शेतउंदीर, मऊ केसांचे उंदीर, जर्बिल, म्हणजे बिळात राहून खाण्यासाठी वर येणारे जे प्राणी आहेत त्यांच्यासाठी हा सापळा डोळे मिटून घ्या. जे जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखालीच काढतात त्यांच्यासाठी घेऊ नका, पैसे पाण्यात जातील. तिथे तो का चालत नाही हे नीट समजून घेतलं, तर या प्राण्यांमध्ये इतक्या नव्या प्रजाती का होतात याचंही बरंचसं उत्तर मिळतं. म्हणून खाली त्या अपयशाबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

डबा आणि त्याची मांडणी

हा पत्र्याचा लांबट डबा आहे. बाजूंना बिजागऱ्या असल्यामुळे दाबला की वहीसारखा सपाट होतो, आणि एका पाठपिशवीत पंचवीस-तीस सापळे सहज मावतात. चढण चढून जायचं असेल तेव्हा ही घडी फार मोलाची. पुढची झडप स्प्रिंगची असते. ती आत ढकलून तळावर आडवी पाडायची, म्हणजे तिची कड पायपट्टीच्या जिभलीखाली अडकते. उंदीर आमिषाकडे जाताना पट्टीवर पाय देतो, पट्टी खाली जाते, जिभली सुटते आणि झडप उभी राहून दार बंद होतं. आत दुसरा कोणताच हलणारा भाग नाही, म्हणून बिघाडही मोजकेच होतात.

पहिला बिघाड घडी उघडतानाच होतो. डबा पूर्ण काटकोनात उघडला नाही तर झडप बाजूच्या पत्र्याला घासते आणि अर्ध्यावर थांबते. सकाळी सापळा उडालेला दिसतो, आमिष खाल्लेलं असतं आणि आत कोणी नसतं. उघडल्यावर चारही कोपरे बोटांनी दाबून घ्यावेत आणि मांडण्याआधी झडप दोनदा हाताने उडवून पाहावी.

दुसरा प्रश्न पट्टीच्या हलकेपणाचा. कारखान्यातून आलेला सापळा पन्नास-साठ ग्रॅमच्या उंदराला बरोबर उडतो. पण आपल्याकडचा छोटा शेतउंदीर, मस बूडुगा, जेमतेम 10 ग्रॅमचा. तो पट्टीवरून चालत जातो, पोटभर खातो आणि निघून जातो. जिभली झडपेवर जितकी कमी अडकेल तितका सापळा हलका उडतो. ती थोडी थोडी मागे सारत जावी आणि प्रत्येक वेळी दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं पट्टीच्या आतल्या टोकावर अलगद ठेवून पाहावं. या नाण्याचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. नाण्याने झडप उडाली की सापळा शेतउंदरासाठी तयार. फार हलका केला तर वाऱ्याने किंवा मोठ्या नाकतोड्यानेही उडतो, म्हणून छपरावर टिचकी मारूनही पाहावं. नुसत्या टिचकीने उडू नये.

आमिषासाठी भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर वाटण आणि बाजरीचं पीठ एकत्र घट्ट मळावं आणि हरभऱ्याएवढ्या दोन गोळ्या पट्टीच्या मागे, अगदी शेवटच्या टोकाला ठेवाव्यात. पातळ वाटण ओघळून पट्टीखाली गेलं आणि वाळलं की पट्टी खाली जातच नाही. सापळा उडत नाही म्हणून तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं. आमिषाबरोबर गाजराची किंवा काकडीची एक चकती ठेवावी. रात्रभर अडकलेल्या जिवाला पाणी मिळण्याचा तेवढाच मार्ग असतो.

मांडण्याची जागा बिळाच्या तोंडापासून वीतभर दूर, वाटेच्या कडेला, बांधाला समांतर. बिळाच्या तोंडालाच सापळा लावला तर बहुतेक उंदीर दुसऱ्या तोंडाने निघून जातात. सापळा हलता कामा नये. खाली दगड-ढेकूळ असेल तर काढून डबा मातीत किंचित रोवावा आणि तोंडाकडची बाजू अर्धा इंच खाली ठेवावी, म्हणजे पाऊस आला तर पाणी आत साचत नाही. दोन सापळ्यांत 10 मीटर अंतर, एका ओळीत पंचवीस सापळे, लागोपाठ तीन ते पाच रात्री, हा हिशेब बहुतेक कामांना पुरतो. उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून शक्य असेल तर आधीच्या दोन रात्री पुढची झडप काडीने अडकवून आणि मागची उघडी ठेवून नुसतं आमिष टाकावं.

बीळ चालू आहे की सोडून दिलेलं, हे आधी तपासावं. शेतकरी घुशींसाठी जी युक्ती वापरतात तीच इथेही उत्तम: संध्याकाळी सगळी तोंडं मातीने बुजवायची आणि सकाळी कोणती उघडली ते पाहायचं. उघडलेल्या बिळांजवळच सापळे लावायचे. एवढं केलं तर निम्म्या सापळ्यांत जास्त काम होतं.

जीव जातो तो कशाने

हा भाग कोणीही वाचल्याशिवाय सोडू नये. ॲल्युमिनियमचा डबा उन्हात भट्टीसारखा तापतो. दख्खनच्या पठारावर मार्च-एप्रिलमध्ये सूर्य वर आला की आतला उंदीर थोड्याच वेळात मरतो. म्हणून फेरी उजाडताच सुरू करायची, सूर्य चढण्याआधी संपवायची आणि दिवसभर सगळे सापळे बंद ठेवायचे. उलट हिवाळ्यात आणि पावसाळी डोंगरमाथ्यावर दहा ग्रॅमचा जीव गारठून मरतो. त्यासाठी आत मूठभर कोरडं गवत घालावं. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस घालू नये, तो भिजला की उंदराला आणखी गार करतो.

मुंग्या हा आपल्याकडचा सर्वांत वाईट शत्रू. अडकलेल्या उंदराला पळता येत नाही आणि मुंग्यांची रांग लागली तर तो रातोरात संपतो. दिवसा वारुळं पाहून ठेवावीत, सापळ्याबाहेर आमिषाचा कणही सांडू देऊ नये आणि मुंग्या दिसल्या तर सापळा दोन-तीन मीटर सरकवावा. आसपास कीटकनाशक मारू नये, ते उंदराच्या तोंडात जातं.

सापळ्यात चिचुंद्र्याही येतात. त्या उंदीर नव्हेत, आणि त्यांना उपास सहन होत नाही. त्या परिसरात चिचुंद्र्या जास्त असतील तर मध्यरात्री एक फेरी मारावीच लागते. लांब शेपटीच्या उंदरांची शेपटी कधीकधी झडपेत सापडते. एलएफए 9 इंचांचा असल्यामुळे शेतउंदराला हा धोका कमी, पण मोठ्या काळ्या घुशीला डबा तोकडा पडतो आणि आपली थोरली घूस तर त्यात मावतच नाही. घुशींसाठी बाजारातला तारेचा पिंजराच बरा.

त्या तारेच्या पिंजऱ्यांबद्दल एवढंच: एका वेळी अनेक उंदीर धरणारे जे आहेत ते या कामात वापरू नयेत. आतले उंदीर एकमेकांना चावतात, आणि बारीक शेतउंदीर तारांमधून निसटतात. इंग्लंडमध्ये 1949 च्या सुमारास आलेला लाँगवर्थ सापळा थंडीत शर्मनपेक्षा चांगला आहे, कारण त्याला मागे घरट्याचा वेगळा डबा असतो. पण घडी होत नसल्यामुळे तो नेणं जड जातं.

धुण्याचं एक पथ्य: ॲल्युमिनियमला ब्लीच आणि धुण्याचा सोडा चालत नाही, पत्रा काळा पडतो आणि झिजतो. साध्या साबणाने धुवावा, भरपूर पाण्याने विसळावा आणि उन्हात कडकडीत वाळवावा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हा जिवाणू पसरतो, आणि कोकणात त्याने होणाऱ्या रोगाची किंमत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून धुताना आणि हाताळताना रबरी हातमोजे हवेतच.

जिथे हा सापळा हरतो

आता आंधळा मोल-रॅट, स्पॅलॅक्स. इस्रायल, तुर्कस्तान आणि आसपासच्या देशांतला हा प्राणी. डोळे कातडीखाली झाकलेले, बाहेरचे कान नाहीत, शेपटी दिसत नाही. दातांनी माती फोडतो, डोक्याने ढकलतो. कंदमुळं खालूनच ओढून घेतो. प्रत्येकाचं बोगद्यांचं जाळं वेगळं, नर असो वा मादी, आणि दुसरा आला की जिवावर बेतेल अशी मारामारी. शेजाऱ्याला निरोप द्यायचा तर बोगद्याच्या छताला डोकं आपटून जमिनीतून कंप पाठवतो.

याच्या बोगद्यात शर्मन लावला तर काय होतं ते पाहा. बोगदा गोल, डब्याचं तोंड चौकोनी, त्यामुळे कडेने फट राहते. फटीतून हवा आणि उजेड आत येतो. या प्राण्याला उघडा बोगदा म्हणजे धोका, साप किंवा दुसरा शत्रू आत येण्याची वाट. तो लगेच माती आणून भोक बुजवतो. तुमचा सापळा त्याच्या दृष्टीने भोकाचाच भाग असतो, म्हणून डबा तोंडापर्यंत मातीने ठासून भरलेला मिळतो. झडप एकतर मातीवर उडालेली असते किंवा मातीखाली उघडीच अडकलेली. आमिषाचा वास कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. अमेरिकेतले पॉकेट गोफर हे जमिनीखाली राहणारे प्राणीही असंच करतात.

याच सवयीचा फायदा घेऊन त्यांना धरतात. बोगदा उघडायचा, बाजूला न हलता थांबायचं, प्राणी बुजवायला आला की फावडं किंवा कुदळ त्याच्या मागे आडवी घालून परतीची वाट तोडायची आणि त्याला उचलायचं. दुसरा उपाय पाइपचा सापळा. बोगद्याच्या व्यासाइतका जाड पीव्हीसी पाइप, आत एकाच दिशेने उघडणारी झडप, बोगद्याच्या तळाशी समपातळीत बसवलेला, आणि वरून माती टाकून पूर्ण अंधार केलेला. पाइपच्या आतला भाग कानशीने किंवा खरखरीत कागदाने घासून घ्यावा, गुळगुळीत राहिला तर पाय घसरतात आणि प्राणी मागे फिरतो. उजेडाची एक तिरीप राहिली तरी पाइप मातीने भरतो.

गोफरसाठी बोगदा शोधायचा एक नेमका मार्ग आहे. त्याचा ताजा मातीचा ढीग पंख्यासारखा असतो आणि एका बाजूला मातीचं बूच दिसतं. बूच असलेल्या बाजूला 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावर लोखंडी सळईने टोचत जायचं. साधारण 15 ते 30 सेंटिमीटर खोलीवर सळई एकदम पाच सेंटिमीटर खाली घसरली की मुख्य बोगदा सापडला. ढिगाखालीच खणत बसलात तर आडव्या फाट्यात पोचता, तिथे प्राणी पुन्हा येईलच असं नाही.

सापळा न चालणं आणि नव्या प्रजाती होणं, दोन्हींचं मूळ एकच

हा प्राणी वर येत नाही, म्हणून तो शर्मनमध्ये सापडत नाही. आणि वर येत नाही, म्हणून तो लांब जातही नाही. पिल्लू आईचं बीळ सोडतं आणि थोड्याच अंतरावर स्वतःचं खणतं. मधे खडक, नदी, चिकट चिखल किंवा न खणता येणारा कातळ आला की पलीकडच्यांशी संबंध तुटतो. असे छोटे-छोटे, एकमेकांपासून तुटलेले गट शेकडोंनी तयार होतात.

लहान गटात योगायोगाला फार बळ असतं. समजा, एका प्राण्यात दोन गुणसूत्रं टोकाशी जोडली जाऊन एक झाली. मोठ्या मिसळत्या वस्तीत असा बदल टिकणं कठीण, कारण त्याचा जोडीदार जवळजवळ नेहमी जुन्या गुणसूत्रांचा असतो, आणि मिश्र पिल्लांमध्ये बीजपेशी बनताना गुणसूत्रं नीट वाटली जात नाहीत. एखाद्-दुसऱ्या जोडीचा फरक बहुतेक वेळा खपून जातो. अनेक जोड्या वेगवेगळ्या प्रकारे जोडल्या गेल्या तर वांझपणा वाढत जातो. पण दहा-वीस जणांच्या तुटक वस्तीत काही पिढ्यांत सगळेच नव्या बदलाचे होऊ शकतात. मग पुन्हा जुन्यांशी गाठ पडली तरी मिश्र संतती कमकुवत निघते, आणि दोघं वेगळे होऊ लागतात.

म्हणूनच जमिनीखाली राहणाऱ्या या प्राण्यांमध्ये गुणसूत्रांचे आकडे थक्क करणारे आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या टुको-टुकोंच्या साठाहून अधिक प्रजाती, आणि गुणसूत्रांची संख्या 10 पासून 70 पर्यंत. मध्य आशियातल्या पामीर-अलाय भागात एलोबियस टॅन्क्रेई या एकाच प्रजातीत 31 ते 54. आणि इस्रायलमध्ये चार प्रकारचे स्पॅलॅक्स: वरच्या गॅलिलीत 52, गोलानमध्ये 54, कार्मेलच्या बाजूला 58, आणि दक्षिणेला कोरड्या प्रदेशात 60. हैफा विद्यापीठाच्या एव्हिआतार नेवो यांनी अनेक दशकं या चौघांवर काम केलं आणि 2001 साली त्यांना स्वतंत्र प्रजातींची नावं मिळाली. जिथे दोन प्रकार भेटतात तिथे संकर होतो, पण तो पट्टा काहीशे मीटर ते सुमारे तीन किलोमीटर इतकाच रुंद.

त्या पट्ट्याच्या रुंदीचा सापळ्यांच्या मांडणीशी थेट संबंध आहे. पट्टा तीनशे मीटरचा असेल आणि नमुने दोन-दोन किलोमीटरवर घेतले, तर संकर एकही सापडणार नाही आणि दोन प्रजाती पूर्ण वेगळ्या आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघेल. संशयित सीमेवर आडवी रेघ धरून दर 50 ते 100 मीटरवर नमुना घ्यावा आणि प्रत्येक बिळाची जागा मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवावी. पाच मीटरची चूक इथे चालते, पाचशेची चालत नाही.

गॅलिलीत आल्माजवळ एक पठार आहे. तिथे चुनखडीची फिकट माती आणि बसाल्टची काळी माती एकमेकींना चिकटून आहेत. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की या दोन मातींतले स्पॅलॅक्स, दोन्ही 52 गुणसूत्रांचेच, जनुकांनी वेगळे होत चालले आहेत. म्हणजे इथे गुणसूत्रांच्या संख्येत फरक नसतानाही मातीमुळे फाटाफूट होते आहे. ती खरोखर एकाच जागी झाली की मधे कधीतरी वस्त्या तुटल्या होत्या, यावर वाद आहे, आणि आमच्या मते तो वाद रास्त आहे: इतका कमी हलणारा प्राणी असेल तर काहीशे मीटर म्हणजेही दूरचा गाव. पण कामाची गोष्ट ही की नोंदवहीत प्रत्येक बिळाची माती लिहिलीच पाहिजे: काळी, मुरमाड, चुनखडी, चिकट की भुसभुशीत. सह्याद्रीही बसाल्टचाच, त्यामुळे आपल्याकडे ही नोंद आणखी बारकाईने हवी.

आकड्यांनी भुलूही नये. कॅलिफोर्निया आणि आसपासच्या थोमोमिस बॉटी या गोफरमध्ये गुणसूत्रांची संख्या 74 ते 88 अशी बदलते, तरी वेगळ्या संख्येचे प्रकार भेटतात तिथे अनेकदा मुक्तपणे संकर होतो. संख्या वेगळी म्हणजे प्रजाती वेगळी, हा सरळ हिशेब नाही. दोघं भेटतात तिथे काय होतं, ते पाहावंच लागतं.

सापडल्यावर पुढे

सापळ्याच्या तोंडाला कापडी पिशवी घट्ट धरावी, झडप आत ढकलावी आणि डबा हलकेच झटकावा. पिशवीसकट वजन करावं आणि रिकाम्या पिशवीचं वजा करावं. मानेची कातडी चिमटीत धरून डोकं-धड, शेपटी, मागचा पंजा नखाशिवाय आणि कान मोजावा. कानातून 2 मिलीमीटरची चकती काढून 95 टक्के अल्कोहोलमध्ये टाकावी. डीएनएसाठी एवढी पुरते, आणि उंदीर त्याच बिळाजवळ सोडता येतो. चकतीचा आकार आणि अल्कोहोल यांचं प्रमाण किमान एकास दहा ठेवावं. कुपी मांसाने भरून वर थोडं अल्कोहोल ओतलं तर नमुना आतून सडतो.

बहुतेक जण मायटोकाँड्रियातलं सायटोक्रोम बी हे 1140 अक्षरांचं जनुक वाचतात. ते स्वस्त आणि सोपं आहे, पण फक्त आईकडून येतं. दोन प्रकारांच्या संकराचं पिल्लू त्यात निव्वळ आईसारखं दिसतं. संकर शोधायचा असेल तर केंद्रकातली जनुकंही वाचावीच लागतात.

गुणसूत्रांसाठी मात्र जिवंत, वाढत्या पेशी लागतात. मारणाऱ्या सापळ्यातला उंदीर सकाळपर्यंत या कामासाठी निरुपयोगी झालेला असतो, आणि शर्मनची खरी किंमत इथे कळते. नेहमीची रीत अशी: पेशींचं विभाजन मधेच थांबवणारं 0.04 टक्के कोल्चिसीन 100 ग्रॅम वजनाला 1 मिली या हिशेबाने (दहा ग्रॅमच्या शेतउंदराला 0.1 मिली) टोचायचं, मग दीड ते दोन तास थांबायचं. प्राण्याला वेदनेशिवाय मारून मांडीच्या हाडातली मज्जा 0.075 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये 37 अंशांवर 20 ते 25 मिनिटं ठेवायची. मग तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल यांच्या ताज्या, थंड मिश्रणात स्थिर करायची, काचपट्टीवर थेंब टाकून वाळवायची आणि गीम्सा रंगाने रंगवायची.

चुका तीन जागी होतात. क्लोराइडमध्ये कमी वेळ ठेवलं तर गुणसूत्रं गठ्ठ्यात राहतात. जास्त वेळ ठेवलं तर पेशी फुटतात आणि एक-दोन गुणसूत्रं वाहून जातात, 40 च्या जागी 38 दिसतात, आणि कोणीतरी नवा प्रकार सापडल्याचं जाहीर करतो. म्हणून एका प्राण्याच्या किमान वीस चांगल्या पेशी मोजल्याशिवाय आकडा लिहू नये. कोल्चिसीन जास्त वेळ राहिलं तर गुणसूत्रं आखूड होऊन त्यांच्या भुजा, म्हणजे जोडाच्या दोन बाजूंचे भाग, दिसेनाशा होतात. या पद्धतीत प्राणी जातो, त्यामुळे संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय ती करू नये. कानाच्या चकतीतून पेशी वाढवून गुणसूत्रं पाहणं हा दुसरा मार्ग. त्यात उंदीर वाचतो, पण निर्जंतुक प्रयोगशाळा आणि काही आठवड्यांचा धीर हवा.

आपल्या मातीत

शर्मन इथे कुठे लावावा याचं सर्वांत चांगलं उत्तर म्हणजे शेताचा बांध. मस बूडुगा आणि मस टेरिकलर हे दोन बारीक शेतउंदीर नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणं फार अवघड. दोघांचीही गुणसूत्रं 40. पण बूडुगात ती सगळी टोकाला जोड असलेली, म्हणजे एकाच भुजेची, आणि टेरिकलरमध्ये एक्स गुणसूत्र मोठं, दोन भुजांचं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधनातून टेरिकलरचेही तीन गुणसूत्री प्रकार पुढे आले. त्यांच्यातला फरक काही जोड्यांवरच्या आखूड भुजांचा आहे, आणि त्या भुजा मूक, घट्ट गुंडाळलेल्या डीएनएच्या आहेत. बेरियम हायड्रॉक्साइड वापरून पट्टे रंगवले की त्या स्पष्ट दिसतात. संख्या तीच राहून रचना बदलत गेल्याचं इतकं सुरेख उदाहरण आपल्याच शेतात आहे, याचा आनंद वाटतो. इथे नाण्याने जुळवलेला हलका सापळाच लागतो.

दुसरी जागा सिंहगड. या गडाच्या माथ्यावरून मिश्रा आणि धंदा यांनी 1975 साली मिलार्डिया कोंडाना या उंदराचं वर्णन केलं. गडाचं जुनं नाव त्याला मिळालं. हा बिळात राहणारा, रात्री बाहेर पडणारा उंदीर, धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत नाव असलेला. त्याच कुळातला मऊ केसांचा शेतउंदीर, मिलार्डिया मेलटाडा, सपाटीच्या शेतांतून दूरवर पसरलेला आहे. डोंगरमाथ्यावरची वस्ती खालच्यांपासून कशी आणि कधी तुटली, हा प्रश्न इथे विचारण्यासारखा आहे, आणि त्याला लागणारा नमुना शर्मनने मिळू शकतो: आतकरवाडीच्या शेतांपासून माथ्यापर्यंत उंचीनुसार ओळी लावाव्यात, कानाची चकती घ्यावी आणि प्रत्येक उंदीर त्याच जागी परत सोडावा. कोंडाणा उंदराची मज्जा काढण्याचा विचारही करू नये. वनखात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय गडावर एकही सापळा लावू नये. आणि गडावर माणसांची गर्दी असते, म्हणून सापळे संध्याकाळी उशिरा लावून पहाटेच उचलावेत, नाहीतर कोणी कुतूहलाने झडप उघडतं किंवा सापळाच घेऊन जातं.

खरेदी करताना

पहिल्यांदा घेणाऱ्याने पन्नास एलएफए घ्यावेत, त्याहून कमी सापळ्यांत दोन ओळी धड होत नाहीत. गंजरोधक लोखंडी पत्र्याचा पर्यायही मिळतो. तो चेपत नाही, पण जड असतो आणि कोकणच्या दमट हवेत कापलेल्या कडांना गंज धरतो. ॲल्युमिनियमच बरा. फक्त पोत्यात सैल भरू नये, कडा वाकतात. वीस-वीसचे गठ्ठे करून रुंद रबराने बांधावेत. लहान मॉडेल फक्त शेतउंदरांचंच काम असेल तरच घ्यावं, शेपटी अडकण्याचं प्रमाण त्यात वाढतं. प्रत्येक डब्यावर खिळ्याने क्रमांक कोरून घ्यावा, रंगाने लिहिलेला क्रमांक दोन धुण्यांत जातो. चकतीच्या कुपीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलने लिहावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि कोणत्या बिळातला उंदीर होता ते गेलं की नमुना कुपीत असूनही हातातून गेलेला असतो.